विश्लेषण : स्वतःच्या शेतातील मुरूम काढण्यासाठी परवानगी कशाला?

जमीन मालकीची, सातबारा स्वतःच्या नावावर, तरीही चार ट्रॉल्या मुरूम उचलला की महसूल विभागाची नोटीस येते. हे कसे? माती कधी ‘खनिज’ ठरते, दंड कुणाला भरावा लागतो आणि खोदून झाल्यावर उरलेल्या खड्ड्याचे उत्तरदायित्व कुणाचे, याचा आढावा.

सोलापूर जिल्ह्यातील माढा तालुक्यातील कुर्डू हे गाव सप्टेंबर २०२५ च्या सुरुवातीला राज्यभर चर्चेत आले. तेथील मुरूम उत्खननावर कारवाई सुरू असताना तेव्हाचे उपमुख्यमंत्री अजित पवार आणि करमाळ्याच्या उपविभागीय पोलीस अधिकारी अंजना कृष्णा यांच्यात फोनवर झालेल्या संभाषणाची चित्रफीत समाजमाध्यमांवर फिरली. कायद्याच्या अंमलबजावणीत हस्तक्षेप करण्याचा हेतू नव्हता, परिस्थिती शांत राहावी एवढाच उद्देश होता, असा खुलासा पवार यांनी नंतर केला. कोण कुणाला काय म्हणाले, यावर बरेच दिवस वाद झाला. मुरूम गावातील रस्त्यासाठी काढला जात होता, असा दावाही झाला. पण त्या दाव्यातून निघणारा साधा प्रश्न बाजूलाच राहिला. गावच्या कामासाठी, गावच्याच जमिनीतून मुरूम काढायला परवानगी लागते का? लागत असेल, तर कुणाची?

हा प्रश्न एका गावापुरता नाही. पावसाळा संपला की रस्ते, घरकुले, विहिरी, शेततळी आणि इमारतींची कामे सुरू होतात. जेसीबी, पोकलेन आणि हायवा गावोगावी दिसू लागतात. त्यासोबत पंचनामे आणि नोटिसाही येतात.

जमीन शेतकऱ्याची, मग मुरूम कुणाचा?

महाराष्ट्रात याचे उत्तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ४८ मध्ये आहे. जमिनीच्या पृष्ठभागावर असो वा पोटात, खनिजांवरील हक्क राज्य सरकारकडे राखीव आहे, असे हे कलम सांगते. पूर्वीपासून कायदेशीर अनुदानाने एखाद्याला मिळालेले हक्क तेवढे त्याला अपवाद आहेत. म्हणजे सातबारा जमीन कसण्याचा, विकण्याचा, वारसांना देण्याचा हक्क सांगतो. त्या जमिनीतील खनिज विकण्याचा हक्क त्यातून आपोआप मिळत नाही.

देशपातळीवर खाण आणि खनिजे (विकास व विनियमन) अधिनियम, १९५७ लागू आहे. लोखंड, कोळसा, बॉक्साइट यांसारखी प्रमुख खनिजे आणि दगड, वाळू, मुरूम यांसारखी गौण खनिजे, अशी विभागणी या कायद्यात आहे. गौण खनिजांबाबत नियम करण्याचा अधिकार कलम १५ नुसार राज्यांना मिळाला. त्या अधिकारातून महाराष्ट्राने २०१३ मध्ये गौण खनिज उत्खननाचे सविस्तर नियम केले. सरकार खनिजाच्या मोबदल्यात जी रक्कम घेते तिला स्वामित्वधन म्हणतात. बोलीभाषेत हीच ‘रॉयल्टी’.

साधी माती ‘खनिज’ कधी होते?

मुरूम आणि माती यांतला फरक येथे महत्त्वाचा आहे. मुरूम बऱ्याच आधीपासून गौण खनिजांच्या यादीत आहे. साधी माती मात्र त्या यादीत नव्हती. केंद्र सरकारने ३ फेब्रुवारी २००० रोजी अधिसूचना काढून तिचा समावेश केला, पण एका अटीसह. बांध, रस्ते, रेल्वे आणि इमारती यांच्या बांधकामात भराव किंवा सपाटीकरणासाठी वापरलेली साधी माती, एवढीच गौण खनिज ठरते.

या अटीचा अर्थ काय, यावर पुण्यातील बांधकाम व्यावसायिकांची संघटना आणि राज्य सरकार यांच्यातील वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. इमारतीच्या पायासाठी खोदकाम केले म्हणून महसूल विभागाने दंडाच्या नोटिसा दिल्या होत्या. न्यायालयाने ३ डिसेंबर २०१४ च्या निकालात स्पष्ट केले, की माती खोदली एवढ्यानेच कुणी दंडास पात्र ठरत नाही. खोदलेल्या मातीचा शेवटी वापर कशासाठी झाला, हे आधी तपासले पाहिजे. अधिसूचनेत नसलेल्या कामासाठी माती खोदली असेल, तर ते खनिज उत्खनन नाही. मात्र अधिसूचनेतील कामासाठी साधे खोदकामही उत्खनन ठरू शकते, हेही न्यायालयाने नमूद केले.

म्हणजे एकाच शेतातून निघालेली तीच माती दुसऱ्या वावरात पसरली तर एक न्याय आणि महामार्गाच्या भरावात गेली तर दुसरा. माती निघाली कुठून यापेक्षा ती पोहोचली कुठे, यावर कायद्याचा कल ठरतो. मुरूम आणि दगडाला मात्र ही वापराची अट नाही. ते मुळातच गौण खनिज आहेत. शेतकरी आणि लहान कंत्राटदार यांची गल्लत येथेच होते. ‘माती काढली’ असे तोंडी सांगितले जाते आणि पंचनाम्यात ‘मुरूम’ नोंदवला जातो.

घराचा पाया, विहीर, शेततळे यांचे काय?

इमारतीच्या पायातून किंवा तळघरातून निघालेली माती त्याच भूखंडावर सपाटीकरणासाठी वापरली तर तिच्यावर स्वामित्वधन लागत नाही, अशी तरतूद राज्याच्या नियमांतही नंतर आली. भूखंडाबाहेर ती विकली किंवा दुसऱ्या बांधकामाच्या भरावासाठी नेली, की परवाना आणि स्वामित्वधन दोन्ही लागू होतात.

सिंचनाच्या किंवा पिण्याच्या पाण्याच्या विहिरीचे खोदकाम, ज्या इमारतींना पर्यावरण मंजुरी लागत नाही त्यांचा पाया आणि पुरानंतर शेतात साचलेली वाळू शेतकऱ्याने हटवणे, ही कामे केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या १५ जानेवारी २०१६ च्या अधिसूचनेनुसार पर्यावरण मंजुरीतून वगळली आहेत. पारंपरिक पद्धतीने हातकाम करणाऱ्या कुंभारांनाही तशी सूट आहे. राज्यात कुंभार समाजाला वर्षाला ५०० ब्रासपर्यंत माती स्वामित्वधनाविना घेता येते. धरणे आणि तलावांतील गाळ शेतात टाकण्यासाठी ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना २०१७ पासून आहे. त्यात शेतकऱ्याला गाळ मोफत मिळतो.

या सगळ्या सवलतींचे सूत्र एकच आहे. वापर स्वतःचा किंवा सामूहिक असावा, व्यापारी नसावा. विहिरीतून निघालेला मुरूम विहिरीच्या काठावर आहे तोवर प्रश्न येत नाही. तो हायवात भरून विकला, की सवलत तेथेच संपते.

परवानगी कोण देते, खर्च किती येतो?

किती खनिज काढायचे आहे, त्यानुसार अल्पमुदतीचा परवाना तहसीलदार, उपविभागीय अधिकारी किंवा जिल्हाधिकारी देतात. अर्ज ‘महाखनिज’ या ऑनलाइन प्रणालीवर करावा लागतो. जागेचा सातबारा, नकाशा, मालकाची संमती, खनिजाचे परिमाण आणि वापराचे कारण द्यावे लागते. ग्राम महसूल अधिकारी म्हणजे पूर्वीचे तलाठी, आणि मंडळ अधिकारी जागेची पाहणी करून अहवाल देतात. स्वामित्वधन आगाऊ भरल्यावर परवाना मिळतो. त्यानंतर प्रत्येक खेपेसाठी वाहनाचा ऑनलाइन वाहतूक परवाना काढावा लागतो. वाहनावर जीपीएस यंत्रणा असणेही बंधनकारक आहे.

हिशेबाचे एकक आहे ब्रास. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, साधारण २.८३ घनमीटर. दगड, मुरूम यांसाठी १ जुलै २०२१ पासून ब्रासला ६०० रुपये दर लागू झाला. त्याआधी तो ४०० रुपये होता.

आकडा कसा फुगतो, हे एका उदाहरणावरून कळेल. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. दहा गुंठ्यांत दहा फूट खोल खोदले, तर १ लाख ८ हजार ९०० घनफूट, म्हणजे १,०८९ ब्रास मुरूम निघतो. त्याचे स्वामित्वधनच ६ लाख ५३ हजार ४०० रुपये होते. इतर शुल्क वेगळे. ‘थोडासा मुरूम दिला’ असे सांगणाऱ्याला आपण प्रत्यक्षात किती ब्रास दिला, हे बहुधा मोजणी झाल्यावरच समजते.

विनापरवाना खोदल्यास काय होते?

संहितेच्या कलम ४८ च्या पोटकलम ७ नुसार, अधिकार नसताना खनिज काढणाऱ्याला त्याच्या बाजारभावाच्या पाच पटीपर्यंत दंड होऊ शकतो. वरच्या उदाहरणात मुरमाचा भाव ब्रासला एक हजार रुपये धरला, तर दंडाची कमाल रक्कम ५४ लाख ४५ हजार रुपये होते. त्या दहा गुंठे कोरडवाहू जमिनीची किंमतही अनेक ठिकाणी एवढी नसेल.

या पोटकलमाची भाषा लक्षवेधी आहे. शेत, नाले, नदीपात्र, जुन्या खाणी यांच्याबरोबर ‘बांध’ यांचाही त्यात स्पष्ट उल्लेख आहे. शेताचे बांध दुरुस्त करण्याच्या किंवा नवे घालण्याच्या सबबीखाली खनिज काढले, तरी दंड टळत नाही, असे कायद्यातच लिहिले आहे.

पोटकलम ८ नुसार यंत्रे आणि वाहने जप्त करता येतात. ती सोडवण्यासाठी २०१८ च्या दुरुस्तीनुसार ट्रॅक्टर-ट्रॉलीला १ लाख, ट्रक किंवा डंपरला २ लाख आणि एक्सकॅव्हेटरला साडेसात लाख रुपये अशी वेगळी रक्कम मोजावी लागते. केंद्रीय कायद्याच्या कलम २१ मध्ये पाच वर्षांपर्यंत कैद आणि हेक्टरी ५ लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. त्याशिवाय चोरीचा गुन्हाही दाखल होऊ शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली सरकार विरुद्ध संजय या खटल्यात सप्टेंबर २०१४ मध्ये मान्य केले.

कागदावर हा दंड उत्खनन करणाऱ्याला आहे. प्रत्यक्षात वाहने निघून जातात आणि खड्डा जागेवर राहतो. तो ज्या गटात आहे त्या गटाचा सातबारा कुणाच्या नावावर आहे, हे शोधायला वेळ लागत नाही. त्यामुळे नोटीस अनेकदा आधी शेतकऱ्याला जाते. दंड भरला नाही, तर तो जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल होतो आणि सातबाऱ्यावर बोजा चढतो. मग पीककर्ज, विक्री, वाटणी सगळेच अडते. मुरमाचे ट्रॉलीमागे मिळालेले पैसे आणि सातबाऱ्यावरचा बोजा यांचा मेळ कधीच बसत नाही.

गावच्या रस्त्यासाठी ग्रामपंचायतीला मुरूम घेता येतो का?

येतो, पण ठराव हा परवाना नाही. गैरसमजाचे मूळ येथे आहे. २०१६ च्या केंद्रीय अधिसूचनेने गावरस्ते, तळी, बंधारे अशी रोजगार हमी, सरकारी योजना किंवा लोकसहभागातून होणारी कामे पर्यावरण मंजुरीतून वगळली. त्यामुळे गावच्या रस्त्याला ‘काहीच लागत नाही’ असा समज पसरला. पर्यावरण मंजुरी आणि महसुली परवानगी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीतून सूट मिळाली, तरी दुसरी शिल्लक राहते.

स्वामित्वधनाचेही तसेच. काही सरकारी योजनांत त्यात सूट मिळते. पण रक्कम माफ झाली म्हणजे परवाना माफ झाला, असे नाही. किती ब्रास, कोणत्या गटातून, कोणत्या कामासाठी, याची नोंद तहसील कार्यालयात असावीच लागते. नाहीतर गावच्या रस्त्याच्या नावाखाली निघालेला मुरूम नेमका कुठे गेला, हे सिद्ध करण्याचा मार्ग उरत नाही.

आदिवासी भागातील गावांना येथे अधिक अधिकार आहेत. १९९६ च्या पेसा कायद्यानुसार अनुसूचित क्षेत्रात गौण खनिजाचा परवाना, भाडेपट्टा किंवा लिलाव करण्यापूर्वी ग्रामसभा किंवा पंचायतीची शिफारस बंधनकारक आहे. उर्वरित महाराष्ट्रात ग्रामसभेला असा नकाराधिकार नाही.

महामार्गांच्या मातीचा प्रश्न न्यायालयात का गेला?

गौण खनिजांना पर्यावरण मंजुरी लागते, हे सर्वोच्च न्यायालयाने २७ फेब्रुवारी २०१२ रोजी दीपक कुमार विरुद्ध हरियाणा या खटल्यात ठामपणे सांगितले. तोपर्यंत पाच हेक्टरांखालील खाणी या चौकटीबाहेर राहत होत्या. मोठ्या क्षेत्राचे लहान तुकडे पाडून मंजुरी टाळली जाते, ही चिंता त्यामागे होती.

पुढे २८ मार्च २०२० रोजी केंद्राने अधिसूचना काढून रस्ते, जलवाहिन्या अशा ‘रेषीय’ प्रकल्पांसाठी साधी माती काढण्यास पर्यावरण मंजुरीतून सूट दिली. देशात टाळेबंदी सुरू होऊन तेव्हा चारच दिवस झाले होते. हरकती न मागवता काढलेली ही सूट सर्वोच्च न्यायालयाने २१ मार्च २०२४ रोजी नोबल पैकाडा खटल्यात रद्द केली. ‘रेषीय प्रकल्प’ म्हणजे काय, याची व्याख्या नाही, किती माती काढायची याला मर्यादा नाही आणि काढण्याच्या पद्धतीवर कोणतेही बंधन नाही, अशा त्रुटी न्यायालयाने दाखवल्या. त्यानंतर मार्च २०२५ मध्ये मंत्रालयाने २० हजार घनमीटरची मर्यादा आणि पर्यावरणीय दक्षतेच्या अटी घालून नवी अधिसूचना काढली. २० हजार घनमीटर म्हणजे सुमारे सात हजार ब्रास. वरच्या दहा गुंठ्यांच्या खड्ड्यासारखे सहा-सात खड्डे.

खड्ड्याचा हिशेब कोण ठेवतो?

सध्याच्या व्यवस्थेतील मोठी उणीव येथे दिसते. नियमांची रचना मुख्यतः महसुलाभोवती झाली आहे. ब्रास मोजले जातात, वाहने मोजली जातात, थकबाकी मोजली जाते. वाहनांना जीपीएस लागले, परवाने ऑनलाइन झाले. जागेची मोजणी यंत्राने आणि ड्रोनने होऊ लागली. पण ही मोजणीही प्रामुख्याने किती खनिज निघाले आणि किती रक्कम बुडाली, हे ठरवण्यासाठी असते. दंड भरला की फाइल बंद होते. खड्डा भरला की नाही, त्याला कुंपण आहे का, शेजाऱ्याचा बांध ढासळला का, ओढ्याची वाट बदलली का, हे प्रश्न परवान्याच्या अटींत असले तरी नंतर कुणी विचारत नाही. विनापरवाना खोदलेल्या ठिकाणी तर अटीच नसतात. अशा पाणी भरलेल्या खड्ड्यांत मुले बुडाल्याच्या बातम्या पावसाळ्यात नेहमीच्या झाल्या आहेत.

डोंगराळ भागात धोका वेगळा असतो. उतार कापला की वरच्या मातीचा आधार जातो आणि पाण्याचा निचरा बदलतो. पुणे जिल्ह्यातील माळीण गावावर ३० जुलै २०१४ रोजी डोंगर कोसळून दीडशेहून अधिक बळी गेले. त्यास अतिवृष्टी कारणीभूत ठरली असली, तरी उतारावर यंत्राने होणाऱ्या सपाटीकरणाचा मुद्दा तेव्हापासून चर्चेत आहे.

शेजारच्या गोव्याने याकडे वेगळ्या बाजूने पाहिले. तेथील नगर नियोजन कायद्याच्या कलम १७अ नुसार डोंगर कापण्यास किंवा सखल जमिनीत भराव घालण्यास नियोजन खात्याची पूर्वपरवानगी लागते. माती विकली की नाही, हा तेथे मुद्दा नाही. जमिनीचा आकार बदलला का, हा मुद्दा आहे. तेथेही डोंगरकापणी थांबलेली नाही, तक्रारी सुरूच असतात. पण कायदा निदान योग्य प्रश्न विचारतो. महाराष्ट्रातही प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ मध्ये ‘विकास’ या शब्दाच्या व्याख्येत जमिनीवरील वा जमिनीखालील खाणकाम येते. म्हणजे नियोजन प्राधिकरणाला लक्ष घालण्यास जागा आहे. ग्रामीण भागात मात्र हा विषय महसूल विभागाचाच मानला जातो.

खड्डा संकट न ठरता उपयोगी पडू शकतो, याचेही उदाहरण राज्यातच आहे. राष्ट्रीय महामार्गासाठी लागणारी माती आणि मुरूम तलाव, नाले व शेततळ्यांच्या खोलीकरणातून घ्यायचा, ही पद्धत ‘बुलढाणा पॅटर्न’ म्हणून ओळखली गेली. रस्त्याला भराव मिळाला आणि गावाला पाणीसाठा. फरक एवढाच, की तेथे कुठे, किती आणि कसे खोदायचे हे आधी ठरले होते.

शेतकऱ्याने आणि गावाने काय पाहावे?

कंत्राटदार ‘शेततळे फुकट खोदून देतो, मुरूम आम्ही नेतो’ असे म्हणत असेल, तर परवाना कुणाच्या नावाने आहे हे आधी पाहावे. त्याची प्रत घ्यावी. गट क्रमांक, ब्रास, खोली आणि मुदत यांचा उल्लेख असलेला लेखी करार करावा. खड्ड्याचा उतार, कुंपण आणि शेवटचे सपाटीकरण कुणी करायचे, हेही त्यात लिहावे. खोदकामापूर्वीची आणि नंतरची छायाचित्रे ठेवावीत. परस्पर कुणी शेतातून मुरूम नेला असेल, तर तलाठी आणि तहसीलदारांकडे तत्काळ लेखी तक्रार करून पोच घ्यावी. नंतर नोटीस आली, तर तीच पोच उपयोगी पडते. नोटिशीत परिमाण किंवा खनिजाचा प्रकार चुकीचा वाटत असेल, तर मुदतीत लेखी म्हणणे मांडून फेरमोजणीची मागणी करावी. माती कुठे वापरली, याचा पुरावा जोडावा. २०१४ च्या निकालानंतर मातीच्या प्रकरणात हा मुद्दा कळीचा ठरतो.

ग्रामपंचायतीने रस्त्याचा ठराव करतानाच तहसीलदारांकडे अर्ज करावा आणि मुरूम कोणत्या गटातून घेणार, हे ग्रामसभेत जाहीर करावे. त्यानंतर त्या जागेचे काय करणार, हेही त्याच ठरावात लिहावे. रस्ता दोन-तीन पावसाळ्यांत पुन्हा उखडू शकतो, खड्डा मात्र तसाच राहतो.